कलम एकेचाळीसचं उद्यापन

द्वारकाबाई एकदा नवस बोलल्या आणि त्या राज्याच्या रीतीप्रमाणे तो राज्यघटनेचं कलम एकेचाळीस झाला. यजमानांचा, म्हणजे नानांचा, ताप हटेना म्हणून त्या देवीला म्हणाल्या होत्या, "ह्यांना उठून बसू दे, सोमवारी मीठ खाणार नाही." गाभाऱ्याशी बसलेल्या घटना-कारकुनाने ते उतरवून घेतलं. ताप गेला. मात्र किती सोमवार, ते बोलायचं राहून गेलं. तेव्हापासून एकोणीस वर्षं सगळं राज्य सोमवारी अळणी जेवत होतं.

यंदा नाना दर सोमवारी चक्कर येऊन पडू लागले. डॉक्टर म्हणाले, "अंगातलं मीठ फार उतरलंय. असे आणखी चार-सहा सोमवार गेले, तर माझ्या हातात काही नाही."

द्वारकाबाई घटना-कचेरीत गेल्या. "साहेब, उद्यापन करायचंय."

"त्याला घटना परिषद बोलवावी लागते. बोलवावी की नाही, यावर रविवारी मतदान आहेच."

"माझं एकच कलम काढा हो."

"परिषद बसली की सगळीच कलमं चर्चेला निघतात, बाई. कुठलं राहील, कुठलं जाईल, कोणी सांगावं?"

द्वारकाबाई गोंधळल्या. कलम अठ्ठावन्न शेजारच्या कावेरीताईंचं होतं. त्यांचा मुलगा विनू बोटीवर गेला तो परतला नव्हता. तो येईतो तिन्हीसांजेला दार लावायचं नाही, हा त्यांचा नवस. सगळ्या राज्याची दारं विनूसाठी उघडी असत. 'हो' म्हणावं तर ती लागतील. 'नाही' म्हणावं तर हे.

रविवारी सकाळी त्यांनी कावेरीताईंनाच गाठलं. "ताई, शिक्का कुठे मारू?"

"अगं वेडे, भावोजी अळणी आमटीला नावं ठेवतात ती भिंतीपलीकडे ऐकू येतात मला. 'हो'वर मार. मीही मारते."

"आणि विनू?"

कावेरीताईंनी पदर सारखा केला. "माझं दार मी उघडं ठेवीन."

'हो' जिंकलं. आठवडाभरात परिषदेने दोन्ही कलमं काढली. पुढच्या सोमवारी नानांनी आमटीचा भुरका मारला, "खारट झालीय" म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतली.

तिन्हीसांजेला गल्लीतली दारं धडाधड लागली. द्वारकाबाईंनी कडीवरचा हात काढून घेतला, उंबऱ्याशी दिवा ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसल्या. आता दार उघडं ठेवा म्हणणारं कुठलंच कलम नव्हतं. ऐकणाऱ्या बायांनो, आज तुमचीही कडी जरा वेळ तशीच राहू द्या.