शेवटचं काळं नाणं

दुःखाच्या घरात जे घोळ होतात, ते आमच्याकडे होणार नाहीत असं मी ठरवूनच टाकलं होतं. बाबांचं तेरावं आटोपायचं आणि दुसऱ्या दिवशी, त्यांच्या इच्छेप्रमाणे, त्यांची नाणी अकोल्याच्या खुशालराव काकांच्या, त्यांच्या नाणी जमवणाऱ्या मित्राच्या, हाती द्यायची. जशीच्या तशी.

बाबांनी जन्मभर युरोपातली जुनी चांदीची नाणी जमवली. डच, स्पॅनिश, ऑस्ट्रियन, तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची. चांदीवर चढलेला काळा थर म्हणजे नाण्याचा जीव, असं ते म्हणत. आम्हाला हात लावू देत नसत. स्वतः मात्र जेवण झालं की एकेक नाणं बोटांत धरून बसत.

माणिक आत्याला, बाबांच्या थोरल्या बहिणीला, मी एवढंच म्हटलं, "काका येतील. नाणी तयार ठेव."

मृत्यूचा दाखला घेऊन परतले तर मोरीत चिंचेचा कोळ, राख, आणि टॉवेलवर आहेरातल्या भांड्यांसारखी लखलखीत नाणी.

"आत्या, हे काय केलंस?"

"कावून वं? उद्धवचं सामान दुसऱ्याच्या घरी जाऊन राहिलं. असं काळंकुट्ट देतेत काय? या राजाचं तर नाकही दिसत नव्हतं."

नाक आधी होतं. आता नव्हतं.

काका आले. खिशातून भिंग काढलं, टॉवेलकडे पाहिलं, भिंग परत खिशात ठेवलं आणि पाणी मागितलं.

"कोणं घासले?"

"म्या," आत्या म्हणाली. "अंगठा सोलून गेला, पण एक बी सोडलं नाही."

काका तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले. "उद्धव पाहून राहिला असन तर..."

"खुश झाला असन."

"हो," काका म्हणाले.

मग मला आठवलं. दवाखान्याच्या पिशवीत, बाबांच्या सदऱ्याच्या खिशात एक होतं. शेवटपर्यंत ते त्यांनी जवळ ठेवलं होतं. मी आणलं. काळं, जसंच्या तसं.

बाबांना शब्द दिला होता म्हणून काकांनी चकचकीत नाणी सगळी नेली. काळं मात्र माझ्या मुठीत ठेवलं. "हे तुह्याजवळ राहू दे, पौर्णिमा. याले त्याचा हात लागला हाये."

मी ते बाबांच्या फोटोमागे ठेवलं आणि पंधरवड्यात पहिल्यांदा शांत झोपले.

सकाळी फोटोमागून काहीतरी लकाकलं.

"एक राहूनच गेलं होतं, पोरी," आत्या म्हणाली. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "चिंच संपली, मंग लिंबानं केलं."

मी म्हटलं, "बरं केलंस."