मूळ स्पॅनिशच चांगला होता

सिनेमा पाहायला दोन तास लागतात, मत व्हायला काहीच वेळ लागत नाही. म्हणून जाणती माणसं आधी मत उरकून घेतात आणि सिनेमा सवडीनं पाहतात. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे. उलट क्रमानं जाणाऱ्यांची पंचाईत होते. सिनेमा पाहिला की मत जरा डळमळतं, आणि डळमळत्या मताच्या माणसाला आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्येसुद्धा कोणी सरकून जागा देत नाही.

बिल्डिंगचं सांस्कृतिक जीवन समृद्ध आहे. तळमजल्याच्या सभागृहात (पूर्वीची सायकली ठेवायची जागा) दर शनिवारी संध्याकाळी चित्रपट रसग्रहण मंडळ भरतं. अध्यक्ष आहेत पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांची निवड बिनविरोध झाली आणि ते रास्तच होतं, कारण डॉक्टरांना आजवर कोणी विरोध केल्याचं ऐकिवात नाही. दिवसभर ते दवाखान्यात सिनेमा, राजकारण आणि हवामान या विषयांवर बोलतात, आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात त्यांचे दोन हात, एक आरसा आणि थुंकी ओढायची नळी असते. इतकी वर्षं असा श्रोता लाभला की माणसाचा अभ्यास वाढतो. समोरून "आ" एवढाच प्रतिसाद येतो. तो ते सहमती म्हणून धरतात.

मी मंडळाचा तांत्रिक सल्लागार. म्हणजे खुर्च्या, लाउडस्पीकर आणि प्रोजेक्टर भाड्यानं देणं हा माझा धंदा, आणि मंडळाला या तिन्ही गोष्टी फुकट लागतात.

तर झालं असं, की एका स्पॅनिश मानसशास्त्रीय थरारपटाचा हॉलिवूडनं रीमेक केला. बातमी आली त्याच दिवशी बिल्डिंगमध्ये एकमत झालं : मूळ स्पॅनिशच चांगला होता. जिमवाला म्हणाला, अकाउंटंट म्हणाला, पार्लरवाल्या ताई म्हणाल्या. दूधवाल्यानंही पिशवी अडकवता अडकवता मान हलवली. मूळ कोणी पाहिला नव्हता. रीमेक आपल्याकडे अजून लागायचा होता. पण प्रगत समाजात अशा किरकोळ कारणांनी काम अडत नाही.

हे मी डॉक्टरांना जिन्यात बोलून दाखवलं, तर ते तापले.

"तुम्हाला टवाळीशिवाय काही सुचतं का? आपल्या बिल्डिंगमधली माणसं सुशिक्षित आहेत. नजर आहे त्यांना."

"आहे ना नजर? मग एक करू. माझ्याकडे एक डिस्क आलीये, तिच्यात आवाज बदलायची सोय आहे. एका शनिवारी स्पॅनिश आवाज लावतो आणि सांगतो, हा मूळ. पुढच्या शनिवारी तोच सिनेमा इंग्रजी आवाजात लावतो आणि सांगतो, हा रीमेक. तीच माणसं, तेच घर, तोच खून. कोणाच्या लक्षात येणार नाही."

"काहीतरीच काय! चेहरे दिसतात की माणसांना!"

"लावा पैज."

पैजेच्या अटी जिन्यातच ठरल्या. माझ्या एका अक्कलदाढेवर डॉक्टरांचा जुना डोळा आहे. मी ती बरीच वर्षं त्यांच्यापासून लपवून, एकाच बाजूनं चावून जगतोय. मी हरलो तर ती दाढ भर सभेत, भूल न देता काढायची. डॉक्टर हरले तर त्यांनी स्वतःच्या खुर्चीत आ करून बसायचं, तोंडात कापसाचे बोळे, आणि अख्ख्या बिल्डिंगनं एकेक करून त्यांना सिनेमाबद्दलचं मत ऐकवायचं.

माझी अट ऐकून डॉक्टर मनापासून हसले होते. स्वतःची ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी मध्ये बोलायचं नाही?"

"आ म्हणायचं."

"समजा एखादा धडधडीत चुकीचं बोलतोय..."

"आ."

डॉक्टरांनी कठड्याला धरलं. पण मागं हटणाऱ्यातले ते नव्हेत. "एक माणूस," ते म्हणाले, "सभागृहात एका जरी माणसानं तोंडानं म्हटलं ना, की हा तोच सिनेमा आहे, तर तुमची दाढ माझी." मी कबूल केलं. डॉक्टरांनी कोणाला सुचवायचं नाही, खुणावायचं नाही, हेही ठरलं.

पहिल्या शनिवारी स्पॅनिश आवाज लावला. गोष्ट अशी : एका बाईला वाटायला लागतं, की घरात वावरतोय तो आपला नवरा नाही. चेहरा तोच, चाल तीच, चष्मा विसरायची जागा तीच, पण माणूस दुसरा. ती सगळ्यांना सांगते. कोणी ऐकत नाही. शेवटी खून होतो. (कोणाचा, याबद्दल चर्चेत तीन नावं पुढं आली. त्यातलं एक शेजारच्या कुत्र्याचं होतं.)

चर्चा उंचीची झाली. निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, युरोपची शांतता काही औरच. ते पहिल्या प्रसंगापासून झोपले होते, त्यामुळे शांततेबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानावा लागतो. जिमवाला म्हणाला, नायक कसा अंगानं साधा, आपल्यातला वाटतो. अकाउंटंट म्हणाला, खर्च कमी आणि परिणाम जास्त, याला कला म्हणतात. पार्लरवाल्या ताईंना नायिकेचा बिनमेकअपचा चेहरा भिडला. मग डॉक्टर बोलायला उभे राहिले आणि खुर्च्या उचलेपर्यंत बोलत राहिले.

दुसऱ्या शनिवारी मी फक्त एक बटण दाबलं. चित्र तेच, खाली भाषांतराची पट्टीही तीच. आवाज मात्र इंग्रजी.

खरं सांगतो, पहिल्या पाच मिनिटांत माझी दाढ ठणकायला लागली. नायिका जिन्यात आली. तीच नायिका, तोच जिना, गळ्याभोवती तोच हिरवा स्कार्फ. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. गेली दाढ, म्हटलं. तेवढ्यात जिमवाल्याचा आवाज आला : "बघितलं? स्कार्फसुद्धा सोडला नाही. स्वतःचं डोकं म्हणून काही चालवायचं नाही."

मग चर्चा. तिचा गोषवारा मंडळाच्या शिस्तीप्रमाणे पुढे देतो.

जिमवाला : रीमेकमधल्या नायकाचं वजन किमान चार किलोनं वाढलंय. हॉलिवूडमध्ये खाणंच तसं.

पार्लरवाल्या ताई : हिनं थापलाय नुसता. मूळच्या बाईची स्किन बघा आणि हिची बघा.

मुख्याध्यापक : उगाच लांबवलाय. मूळ कसा आटोपशीर होता. (या वेळी ते जागे होते.)

पडदे आणि सोफे शिवणारे काका : मूळमध्ये खिडकीचे पडदे जुने, घराला शोभणारे. यांनी नवीन लावले. श्रीमंती दाखवायची, दुसरं काय.

चेहरे तेच कसे, हा प्रश्नही सुटला नाही असं नाही. अकाउंटंटनं तो दोन वाक्यांत निकालात काढला. "करारात बांधून घेतात ते नटांना. अख्खं घरसुद्धा उचलून नेलं असणार, तिकडे कर वाचतो." यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि हॉलिवूडच्या पैशाबद्दल हळहळ व्यक्त केली.

आकडेवारी : हजर प्रेक्षकांपैकी मूळ श्रेष्ठ म्हणणारे ब्याण्णव टक्के. रीमेक धाडसी म्हणणारे पाच टक्के (हे नवविवाहित जोडपं होतं, त्यांना सगळंच धाडसी वाटतं). उरलेले तीन टक्के पहिल्या शनिवारी गैरहजर होते, तरी मूळच्या आठवणीनं त्यांचेही डोळे पाणावले. ओठ आणि आवाज जुळत नाहीत अशी तक्रार दोन्ही शनिवारी आली, पण दोन्हीकडे आल्यामुळे त्या एकमेकींना रद्द करतात.

आता उरले डॉक्टर. माणूस पैज हरायला आला होता. एकानं जरी ओळखलं तरी सुटका, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे डोळे लावून बसायला हवं होतं. प्रत्यक्षात मी प्रोजेक्टरपाशी उभा राहून पाहत होतो, तर डॉक्टर पडद्याकडे बघताहेत, भुवया आक्रसलेल्या, हनुवटी मुठीवर. चर्चा संपली. ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले :

"आपल्या दोघांत म्हणून सांगतो. सिनेमा तोच, मला माहीत आहे. पण मूळमध्ये ती जिना चढते ना, तो शॉट जास्त अंगावर येत होता."

"डॉक्टर, शॉट तोच आहे."

"तोच आहे हो. पण यात ती खोली नाही."

पैज वसुलीचा कार्यक्रम पुढच्या रविवारी सकाळी दवाखान्यात झाला. दार सताड उघडं, रांग जिन्यावरून खालपर्यंत. लोकांना मी पैजेचं काही सांगितलं नव्हतं. पाटी लावली होती : 'अध्यक्ष आपले मत ऐकून घेतील.' एरवी पाणी आलं नाही तरी जी माणसं खाली उतरत नाहीत ती आंघोळ करून आली होती.

डॉक्टर खुर्चीत आडवे, डोक्यावर दिवा, तोंडात दोन्हीकडे एकेक बोळा. मी बोळ्यांचा डबा घेऊन उशाशी.

जिमवाल्यानं वजनाचा मुद्दा सविस्तर मांडला आणि जाता जाता डॉक्टरांच्या पोटाकडे बघून दोन व्यायाम सांगितले. मुख्याध्यापकांनी युरोपपासून सुरुवात केली. अकाउंटंट म्हणाला, "डॉक्टर, तुमचं ते भाषण मला तेव्हाही पटलं नव्हतं. तोंडात तुमचे हात असतात म्हणून, नाहीतर मला तुमचं बरंच काही पटलेलं नाही." डॉक्टर "आ! आ!" म्हणाले. "थँक्यू," अकाउंटंट म्हणाला. "तुम्ही असं समजून घ्याल असं वाटलं नव्हतं." प्रत्येक माणूस खुर्चीपासून निघताना हलका होऊन निघत होता. डॉक्टर मात्र घामानं चिंब झाले होते. दात काढताना पेशंटचा चेहरा कसा होतो हे त्यांनी हजारदा पाहिलं असेल, पण वरून.

मग वहिनींचा नंबर आला. वहिनी म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस. मंडळात त्या कधी बोलत नाहीत, चहाचं बघतात. आज मात्र पदर खोचून, रांगेतून रीतसर आल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला काही मोठंसं सांगायचं नाहीये. परवा दुसऱ्या शनिवारी मी तुम्हाला सभागृहात म्हटलं, अहो, हा तोच सिनेमा आहे. आठवतंय? तुम्ही म्हणालात, शूः, मला फरक बघू दे. मी परत म्हटलं, फरक कसला, तोच आहे. तर तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं काय कळतं."

डॉक्टरांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"मला सिनेमातलं कळत नाही, बरोबर आहे. पण इतकी वर्षं रोज एकच तोंड बघतेय. तोच माणूस समोर आहे की दुसरा, एवढं ओळखता येतं मला."

डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठायला गेले. एक बोट वहिनींकडे, एक बोट माझ्या गालाकडे, अक्कलदाढेच्या नेमक्या जागेवर. "आ! आ! आआ!" सभागृहात, तोंडानं, एक माणूस. पैजेतल्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या होत्या. मी परिस्थितीचा शांतपणे विचार केला आणि डॉक्टरांच्या तोंडात आणखी दोन बोळे भरले.

"सहमत आहेत ते," मी रांगेला सांगितलं.

पण रांगेनं सगळं ऐकलं होतं. जिन्यापर्यंत कुजबुज गेली : तोच सिनेमा होता, दोन्ही वेळा तोच. मग अकाउंटंट म्हणाला, "मला पहिल्याच शनिवारी संशय आला होता." पाठोपाठ पार्लरवाल्या ताईंनाही आला होता असं निघालं. जिमवाल्यानं वजनाचा मुद्दा मागं घेतला नाही. म्हणाला, आठवड्यात चार किलो वाढू शकतं.

वहिनी अजून खुर्चीपाशीच होत्या. रुमालानं नवऱ्याच्या कपाळावरचा घाम टिपत त्यांनी विचारलं :

"पण भाऊजी, दोन्ही शनिवारी दाखवलात तो होता कोणता? मूळ, की रीमेक?"

"रीमेक!" निम्मी रांग ओरडली. "मूळ!" उरलेली ओरडली. दोन्ही बाजूंना पुरावे होते आणि दोन्हीकडे आवाज चढले. हा साधा प्रश्न एवढ्या चर्चेत पहिल्यांदाच कोणीतरी विचारला होता. वहिनींनीच.

तुम्हीही नाही विचारलात. वाटल्यास मागं जाऊन बघा, डिस्कमध्ये कोणता सिनेमा होता हे मी एका ओळीतही सांगितलेलं नाही. तुमचं मात्र डिस्क निघाली तेव्हाच ठरून गेलं होतं, आणि ठरल्यानंतर तुम्ही इतका वेळ बिचाऱ्या जिमवाल्याला हसत होतात. असो. डॉक्टर अजून खुर्चीत आहेत आणि बोळे भरपूर आहेत. रांग खाली फाटकापर्यंत गेलीये. शेवटी उभे राहा, आणि पुढच्यांना ढकलू नका.