सखाबापूंचा थोरला

सखाबापू माणसाचं नाव नंतर विचारतात, आधी देवक. मी नवरी म्हणून पिंपळवंडीत आले, माप ओलांडायचं बाकी होतं, तोच हे शेजारचे बापू पुढं. आमच्या ह्यांच्याहून जरासे लहानच.

"वैनी, म्हायेरचं देवक कोंचं?"

"कळंब," मी पुटपुटले.

"झ्याक! आमचं समद्यांचं उंबर. जमली सोयरीक!"

बाई गं, जसं लग्न त्यांनीच लावलं होतं!

देवक म्हणजे घराण्याचं झाड. लग्नात त्याची डहाळी वाजतगाजत घरी आणून पुजायची, एरवी त्याला कुऱ्हाड लावायची नाही. आम्ही पाळतो ते एवढंच. बापू मात्र वेशीवरच्या जुनाट उंबराला 'थोरला' म्हणतात आणि रोज सकाळी त्याला गावची खबर सांगतात. कांद्याचा भाव पडला तर तेवढं लपवतात. "म्हातारं हाय, उगं जिवाला लावून घेतंय."

मग रस्ता रुंद करायचं निघालं आणि उंबर मधे आला. एक जण करवत घेऊन टेम्पोतून उतरला, तर बापू बुंध्याला टेकून बसलेले.

"देवक काय, पावणं?"

"ठावं न्हाई."

"मंग आईला इचारून ये."

तो भला माणूस खरंच एसटीडी बूथवर गेला आणि तोंड पाडून परतला. "उंबरच हाय वो!" करवत टेम्पोत गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा आला, त्याचं देवक वड. "म्हंजी तू सोयरा! सोयऱ्याच्या अंगाला करवत लावतूस व्हय?" तोही गेला. ठेकेदारानं कपाळाला हात लावला आणि वरच्यांशी बोलून रस्त्यालाच बाक दिला. एसटीचे ड्रायव्हर अजून तिथं बापूंच्या नावानं बोटं मोडतात.

पुढं माझ्या लेकाच्या लग्नात आम्ही दोघं देवक आणायला गेलो, तर बापू नवी टोपी घालून झाडाखाली हजर. मी म्हटलं, "भारी लळा हो तुम्हाला याचा."

"देवक लग्नघरी जातं, वैनी. माझं लगीन झालंच न्हाई. थोरला माझ्या घरी यायचा कवा? म्हून मीच येतो रोज."

मी डहाळी ताटात घेतली आणि वाजंत्रीवाल्याला दम भरला, "आधी बापूंच्या दारी चल."

"असं कुठं असतं का?" हे म्हणाले.

"आजपासनं असतं!"

बापू पुढं धावले. आम्ही पोचलो तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. डहाळीवर पाणी शिंपडून म्हणाले, "ये थोरल्या. घर पसरलंय जरा, पण ये."