गव्हाला प्रवेश बंद

मला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, "भात सोडा, चपाती खा." सोडला. (भाताच्या मुलखात जन्मून!) आणि मागच्या महिन्यात जुलाब थांबेनात म्हणून तपासण्या केल्या, तर दुसरे डॉक्टर म्हणतात, "सिलिॲक आहे. गहू जन्मभर बंद, कणभरसुद्धा नको." म्हणजे एकाने भात नेला, दुसऱ्याने चपाती. उरली नाचणीची भाकरी, तीही मोजून!

एवढं पाळूनही पोट ठिकाणावर येईना. रविवारी कळंबला आमच्या रियाचा साखरपुडा. मुलीच्या बापाने पाहुण्यांत बसायचं की संडासात? मी ठरवलं, घरात शिरलेला गहू हुडकायचाच. मोहोपाड्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं पिंपांवरची लेबलं तपासणारा क्लार्क आहे मी.

आधी गिरणी गाठली.

"हारूनभाई, माझी नाचणी गव्हावर दळता ना?"

"नाय साहेब, सकाळी पयलं दळण तुमचंच. जातं पुसून घेतो."

"कशाने पुसता?"

"फडक्यानं."

"आणि ते फडकं कशाने पुसता?"

हारूनभाईंनी गिरणीच बंद केली.

घरी येऊन हिला धरलं. "माझ्या तव्यावर चपाती कुणी भाजली?"

"कुनी नाय वो. तुमचा तवा मी कपाटात ठेवते, साड्यांच्या वर."

"मग लाटण्याला गहू असेल!"

"भाकरीला लाटणं लागतंय का?"

मी आणखीच चिडलो. दारावर मोठ्या अक्षरांत कागदच चिकटवला : 'गहू लागलेल्या माणसास स्वयंपाकघरात प्रवेश नाही.'

"बाबा, पाव्हणे यायच्या आत काढा तो," रिया रडकुंडीला आली. मी काढला नाही. संतापाने पोटात वायू धरला, म्हणून नेहमीचं औषध घेतलं : वाटीभर ताकात चमचाभर हिंग. (दिवसातून तीनदा. हे काय डॉक्टरांना सांगायचं?)

शनिवारी ही घरातले सगळे डबे पिशवीत भरून मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी एकेक पाहिला आणि शेवटची पिवळी डबी माझ्यापुढे धरली.

"काका, हे वाचलंत कधी?"

चष्मा लावला. बारीक अक्षरांत होतं : गव्हाचे पीठ, डिंक, हिंग. गहू सगळ्यात पुढे!

"किती घेता?"

माझ्याआधी ही म्हणाली, "तीन टायमाला, चमचा भरून. नको म्हनलं तर म्हनतात, तुला काय कळतं! आनि बत्तीस वर्सं लेबलं वाचतायत."

असं पीठ विकायचं आणि त्याला हिंग म्हणायचं? वाटभर मी ओरडत होतो. ऐकायला रिक्षावाला होता.

रविवारी मुलीचा बाप सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसला, संडासाच्या दाराशेजारी. व्याही म्हणे भारावले. "केवढा साधा मानूस! पुढं पुढं करत नाय."

रात्री घरी आलो, पाणी घ्यायला स्वयंपाकघराकडे वळलो. ही दारात उभी. तिने नुसतं कागदाकडे बोट केलं.

अक्षर माझंच होतं. मी निमूटपणे ओटीवर जाऊन बसलो आणि रियाने मला पाणी बाहेर आणून दिलं.