लाल गाईवरील स्वारी

डब्यातले दूध कॉफीत ओतले असता ते लगेच मिसळत नाही. प्रथम जाड धारेने तळाशी जाते, तेथे क्षणभर स्वस्थ बसते, मग ढवळू लागले म्हणजे पिवळट धागे सोडीत वर येते आणि कॉफीस पुराच्या पाण्याचा रंग देते. ही गोष्ट लाविनिया बाईसाहेब यांनी अकरा वर्षे, रोज दोन वेळ, पाहिली होती. त्याच वेळी खिडकीबाहेर तीन हजार दोनशे गुरे चरत असत. डबा मात्र दीड हजार मैलांवरून आगगाडीने येई.

ऐशा मुलखाची आणि ऐशा दुधाची ही हकीकत. जैसी घडली तैसी मांडिली आहे, पदरचे काही घातले नाही, लाजेस्तव काही गाळले नाही. वाचणाराने धीर धरून वाचावी.

सन अठराशे एक्याण्णव, आगस्ट मास, मोंटाना मुलूख. टंग नदीच्या पश्चिमेस खासे थॅडियस व्हिटकम यांची गुरांची दौलत. खासे मोठे धोरणी, हिमवादळात गुरे राखणारे, चोरांस दहशत, आणि घोड्यावर बसले म्हणजे जेवणाखेरीज उतरणे नाही. खोड एकच की कोणत्याही गोष्टीचा निवाडा मुखावाटे करीत नसत. लग्न करून बाईसाहेबांस ओहायोहून आणिले तेव्हा करार असा जाहला होता की येथे दोन हंगाम काढू, मग पाहू. दोन हंगाम जाहले, मग आणखी दोन, आणि मग कोणी मोजीनासे जाहले, आणि ‘मग पाहू’ हेच दौलतीचे कायम फर्मान होऊन बसले. त्या कारणे बाईसाहेबांनी अंगणात एक झाड लाविले नाही. आज ना उद्या जाणाराने सावली कोणासाठी करावी?

कलहाचे कारण लोणी. नऊ मैलांवर सोरेन्सन नामे एक नांगरवाला राहात असे. त्यास मातीचे छप्पर, एक बैलजोडी आणि एक गाय, इतकीच दौलत. एके रविवारी व्हिटकमांची स्वारी सहकुटुंब तेथे भोजनास गेली आणि सोरेन्सनबाईंनी पावाशेजारी लोण्याचा गोळा मांडिला. कन्या टॅबिथा, वय वर्षे आठ, हिने तो न्याहाळला, वास घेतला, आणि भरल्या पंगतीत विचारिले, “आई, जेवणात साबण का ठेवलाय?”

सोरेन्सनबाई हसल्या. मग बाईसाहेबांच्या मुद्रेकडे पाहून एकाएकी हसायच्या थांबल्या, आणि मुलीच्या पावास आपल्या हाताने लोणी लावू लागल्या. बाईसाहेबांस हसण्याहून ते थांबणे फार लागले.

परतीचे नऊ मैल गाडीने काटिले. धाकटा मुलगा बाईसाहेबांच्या मांडीवर निजला होता. फाटकापाशी येताच बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला, आणि तो आवाज न चढविता फर्माविला, म्हणून अधिक धास्तीचा.

“हे घर आहे की छावणी, एवढंच मला सांगा. घर असेल तर दारात दुभती गाय बांधा. छावणी असेल तर गुरुवारच्या टपालगाडीनं मी मुलांना घेऊन प्रूडन्सकडे ओहायोला जाते. मग बोलवायचं तेव्हा घरी बोलवा. छावणीवर मी परत यायची नाही.”

प्रूडन्स म्हणजे बाईसाहेबांची थोरली बहीण. मसलतीचा मुद्दा बाईसाहेबांनी बरोबर हेरला होता. रानातली गाय कोणाकडे काही मागत नाही, परंतु दुभती गाय दोन्ही सांजांस माणूस मागते, आणि ज्याचे निघायचे ठरले नाही आणि राहायचेही ठरले नाही, तो असली गाय कदापि बांधीत नाही. हुकुमात एक पोटकलमही होते की धार आपण काढणार नाही. पाव, धुणे, बागेचे पाणी, शिवण, लेकरांचा अभ्यास, साबण शिजविणे, ऐसे चौदा महाल त्या एकट्या सांभाळीत होत्या. पंधरावा महाल नऊ धट्टेकट्टे गुराखी शिलेदार पदरी असता त्यांनीच का घ्यावा?

खाशांनी नेहमीप्रमाणे उत्तर केले, “मग पाहू.”

सोमवारी प्रातःकाळी कुंपणापाशी दरबार भरला. सरनौबत ईनॉक प्रूइट घोड्यावर, शिलेदार घोड्यांवर, खासेही घोड्यावर. त्या मुलखाचा कायदाच असा की जे काम घोड्यावरून होत नाही ते काम मर्दाचे नव्हे. खड्डा खणणे नामंजूर, भाजी लावणे नामंजूर, आणि गाईखाली बसून आचळ ओढणे हे तर ऐसे पातक की त्यास शिक्षाही नेमिली नव्हती, कारण ते कोणी करील ऐसे कोणास वाटलेच नव्हते.

सरनौबतांनी टोपी काढून अर्ज गुजरिला. “मालक, तुम्ही सांगा, पुरात घोडा घालतो. पण गाईखाली बसायचं म्हणजे... चारचौघांनी बघितलं तर?”

मुदपाकखान्याचे दारोगा जेबेदाया दारात बटाटे सोलीत होते. ते म्हणाले, “कोण बघतंय? नऊ मैलांत ते चारचौघं तुम्हीच आहात की.”

मग खाशांनी एकेकास पुसले की धार काढणे कोणास अवगत आहे. एकाने सांगितले की आमचे गावी गायी नव्हत्या. दुसऱ्याने सांगितले की होत्या, परंतु बहिणी पाहात असत. बाकीच्यांनी आभाळाकडे पाहिले, आणि आभाळात काही नव्हते. बाईसाहेब जवळच धुणे वाळत घालीत होत्या. त्यांनी इतकेच टिपून ठेविले की नाही म्हणताना तिघांनी हात खिशात घातले.

अखेर तह ऐसा ठरला की गाय घोड्यावरूनच जेर करावी आणि दूध घोड्यावरूनच घ्यावे. त्याच दिवशी फौज कूच करोन गेली आणि एक लाल गाय वासरासह घेरून आणिली. शिंगांचा पल्ला चार फूट, नजर करडी, माणसाचा स्पर्श उभ्या जन्मात एकदाच, तोही डाग देतेसमयी. तीस कुंपणात घालोन गवत टाकिले. गाईने गवत खाल्ले आणि कुंपणाच्या दोन फळ्या मोडिल्या, आणि सोमवार संपला.

मंगळवारी हल्ला. दोन स्वारांनी शिंगांस फास टाकिले, दोघांनी मागल्या पायांस, आणि चहूकडून दोर ताणोन गाय मधोमध तंबूसारखी उभी केली. मग सरनौबत स्वतः घोडा भिडवून, एका हाताने खोगीर धरोन, कमरेतून ओणवे होऊन, दुसऱ्या हाताने कासेपर्यंत पोहोचले. बादली काठीस टांगून एका शिलेदाराने पलीकडून धरिली होती. सरनौबतांनी ऐसे जोराने ओढिले, जैसे घंटेचा दोर ओढावा. गाईने लाथ झाडिली. बादली जेबेदायांच्या बटाट्यांत जाऊन पडली, सरनौबत घोड्याखाली आले, आणि घोडा त्यांस सोडोन नदीकडे गेला.

दुसरा हल्ला मसलतीने केला. वासरास एके बाजूस लाविले की गाय पान्हा सोडील, आणि आपण दुसरे बाजूने घ्यावे. गाईने पान्हा सोडिला. वासराने दोन्ही बाजूंचे पिऊन टाकिले.

तिसऱ्या हल्ल्यात गाय दोर तोडोन, धुण्याची तार शिंगांवर घेऊन, खाशांची रविवारची विजार निशाणासारखी फडकवीत अंगणभर फिरली. टॅबिथा पायरीवर उभी राहोन टाळ्या पिटीत होती. बाईसाहेबांनी तीस गप्प केले नाही.

दिवस मावळताना सरनौबत लंगडत आले आणि पत्र्याचा पेला बाईसाहेबांपुढे ठेविला. मुद्रा गड घेतल्याची. बाईसाहेबांनी त्यातले दूध फडक्यातून गाळिले. केस, धूळ आणि एक माशी बाजूस पडता उरले ते चमच्याने मोजिले. दीड चमचा.

“ईनॉक,” बाईसाहेब म्हणाल्या, “हे काही गाईनं दिलेलं नाही. तुम्ही लुटून आणलंय. लूट रोज मिळत नाही, आणि लेकरांना तर रोज लागतं.”

सरनौबतांनी टोपी घातली आणि मग पुन्हा काढिली.

बुधवारी बाईसाहेबांनी पेटारा भरावयास घेतला. लेकरांचे लोकरीचे कपडे, दोन पुस्तके, आरसा शालीत गुंडाळून. हात कामात होते, परंतु कान बाहेर होते. वासरास रात्रीपासून वेगळे बांधिले होते, म्हणून कास दाटून गाय सकाळपासून हंबरत होती, आणि प्रत्येक हंबरण्यासरशी अंगणातले काही शिलेदार असे तोंड वाकडे करीत की जणू दुखणे त्यांचेच आहे. ज्यास त्या दुखण्याचे काही ठाऊक नाही, त्यास असे होत नाही. खिडकीतून पाहता त्यांत खासेही होते.

तिसरे प्रहरी हंबरणे एकाएकी थांबले. बाईसाहेब पेटाऱ्याचे झाकण उघडे टाकोन बाहेर आल्या.

खाशांचा घोडा कुंपणास बांधिला होता, आणि खोगीर रिकामे होते. खासे कुंपणाच्या आत पायी उभे होते. शिलेदारांपैकी कोणी श्वास घेत नव्हते. खाशांनी गाईचे मागले पाय दोरीने सैलसे बांधिले, पुढ्यात मक्याचे पीठ ठेविले, वासरास चार घोट पिऊ देऊन मानेपाशी बांधिले, जेणेकरून ती त्यास चाटीत राहील. मग उजवे बाजूने आले, तळहात एकमेकांवर घासोन ऊन केले, टाचांवर बसले, कपाळ तिच्या कुशीस टेकविले, आणि काहीतरी हळू बोलू लागले. ते शब्द कोणास ऐकू आले नाहीत. गाईस आले असावेत.

प्रथम धार रिकाम्या बादलीच्या तळावर खणखणीत वाजली. मग दुसरी, मग डावा आणि उजवा हात पाळीपाळीने चालू लागले, न थांबता, एका लयीत, आणि बादली भरू लागली तैसा तो आवाज जाड होत गेला आणि अखेर फेसात बुडाला. बाईसाहेबांनी ओळखिले की हा हात तीन दिवसांत तयार जाहलेला नव्हे.

त्या कुंपणापाशी गेल्या. “कुठं शिकलात?”

“व्हरमाँटला. बाबांच्या गोठ्यात.” खाशांनी कपाळ उचलिले नाही. “एकवीस गायी होत्या. सहा वर्षांचा असल्यापासून, रोज दोन वेळा.”

“वडिलांची थोडी जमीन होती, एवढंच बोलला होतात मला.”

“होती की. गोठ्याखाली.”

बाईसाहेबांस हसू आले, परंतु त्यांनी ते दिसू दिले नाही. “आणि अकरा वर्षं मी डबे फोडतेय.”

“येतं म्हणून सांगितलं असतं, तर गाय आली असती. गाय आली की झालं, माणूस बांधला गेला. बाबा त्या एकवीस गायींपासून एक दिवससुद्धा कुठं गेले नाहीत. मी सतराव्या वर्षी पळालो तो याच भीतीनं.” धार चालूच होती. “तेव्हापासून कुठलीच गाठ पक्की मारली नाही मी. तुझ्याशीसुद्धा.”

तिकडे सरनौबतांनी घोडा वळविला आणि पाठीमागे हुकूम सोडिला की कोणी हसेल त्याचे दात जागेवर राहणार नाहीत. कोणी हसत नव्हतेच. एक शिलेदार, तोच ज्याच्या बहिणी पाहात असत, हळूच खाली उतरला आणि म्हणाला, “मालक, डावा मागचा सड कडक लागतोय का? अंगठा आत न दुमडता काढा.” ते ऐकोन दुसरा उतरला, मग तिसरा.

येणेप्रमाणे आगस्टच्या एकोणिसाव्या तारखेस, बुधवारी, तिसरे प्रहरी, टंग नदीच्या पश्चिमेस लाल गाय जेर जाहली. तीन हल्ले, एक मोडकी बादली, दोन फळ्या, एक विजार, इतका मोबदला पडला. फौजेपैकी कोणी दगावले नाही. मोजून दीड शेर दूध हाती आले, वासराचा हिस्सा वगळोन. मोहीम फत्ते जाहली.

परंतु बाईसाहेब कुंपणापाशीच उभ्या होत्या. बादली त्यांनी घेतली नाही. त्यांस दुधाचा जबाब मिळाला होता, सवालाचा नव्हे.

“टपालगाडी उद्या सातला येते,” त्या म्हणाल्या. “पेटारा उघडाच आहे अजून.”

खासे उठले. गुडघ्यांस माती, बाहीस फेस. एकदा घोड्याकडे पाहिले, एकदा टेकड्यांकडे, आणि नेहमीचे दोन शब्द ओठांपर्यंत आलेले बाईसाहेबांनी डोळ्यांनी पाहिले. खाशांनी ते गिळिले.

“जाऊ नकोस. हे घर आहे, लाविनिया. आपण इथंच राहायचं.”