बरं, येते

विमान रद्द झाल्याची पाटी लागली, तेव्हा आजीचे दात आईच्या पर्समध्ये होते.

दात म्हणजे कवळी. आई दातांची डॉक्टर. आजीची जुनी कवळी तीन आठवड्यांपूर्वी बेसिनमध्ये पडून दुभंगली, आणि आजीने गावातल्या यच्चयावत दंतवैद्यांना एका वाक्यात निकालात काढलं, की तोंडात घालीन तर लेकीच्या हातचे. नशिबाने चार वर्षांपूर्वीचा साचा आईच्या कपाटात होता. तोवर आजी सूपावर. उद्या दुपारी तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण. पन्नास माणसं कडाकडा चावून खाणार आणि उत्सवमूर्ती वाटीत चमचा फिरवत बसणार, या कल्पनेनेच आईचा जीव खालीवर होत होता.

बरोबर पंधरा वर्षांची लेक होती. तिला घरात खार म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. पण आज अर्ध्या वाटेवरच्या या विमानतळावर आईनेच काउंटर ते खिडकी, खिडकी ते काउंटर अशा इतक्या येरझाऱ्या घातल्या, की हा गुण आपल्यात कुठून आला ते खारीला एकदाचं कळलं. खिडकीबाहेर बर्फ आडवा पडत होता. सकाळच्या तपासणीतही गोंधळ झालाच होता. यंत्राच्या पडद्यावर कवळीच्या डब्यातून कुणीतरी हसताना दिसलं, म्हणून अधिकाऱ्याने डबा उघडायला लावला आणि हे कोणाचे, असं विचारलं. आई म्हणाली, माझ्या आईचे. आई कुठे आहे? घरी. त्यानंतर तो बराच वेळ आईच्याच दातांकडे बघत होता.

काउंटरवालीने सांगितलं, पुढचं विमान उद्या संध्याकाळी. म्हणजे जेवण झाल्यावर, भांडीसुद्धा घासून झाल्यावर. आईने घरी फोन लावला. वादळाने अर्धे शब्द गिळले, उरलेले आजीच्या कानांनी. विमान रद्द, उद्या संध्याकाळ, तू आपलं सूप पी, हे सगळं आईने तीनदा सांगितलं आणि शेवटी सवयीने म्हणाली, "बरं, येते."

खार थांबली. "आई, तू 'येते' का म्हणालीस?"

"मग काय जाते म्हणू? जाते म्हणू नये."

"पण आजीला तेवढंच ऐकू गेलं असेल तर?"

तेवढंच ऐकू गेलं होतं. दहा मिनिटांत मामाचा निरोप आला: आई कोट घालून गाडीत बसली आहे. तुला घ्यायला इथल्या विमानतळावर निघालोय. सांगून बघितलं, ऐकत नाही.

आईने मामाला फोन लावला. मामा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्यामुळे गाडी चालवताना तो फोन घेत नाही आणि वीसच्या वर जात नाही. गोगलगाय मागून हॉर्न देईल.

आता मात्र आईला धीर निघेना. ऐंशी वर्षांची बाई या बर्फात न येणाऱ्या विमानाची वाट बघत बसणार. आईने बाहेर धाव घेतली आणि गावी जाणाऱ्या एकमेव बसमध्ये शेवटच्या दोन जागा पटकावल्या. पुढे बर्फ हटवणारं यंत्र, मागे बस, अशी वरात पाच तास चालली. वाटभर फोनला रेंज नव्हती, आणि आईने पाचही तास पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबून धरला होता.

घराला कुलूप. शेजारणीने किल्ली दिली, वर बातमीही दिली, की ती दोघं अकरालाच गेलीत. आईने मरायला टेकलेला फोन भिंतीवरच्या चार्जरला लावला, कवळी पाण्यात घालून ठेव म्हणून खारीला बजावलं आणि मामाचा नंबर फिरवला. गाडी उभी असल्यामुळे या वेळी मामाने चक्क उचलला. म्हणाला, ही खुर्चीवरून उठायला तयार नाही, तूच बोल.

"कुथे आहेश तू?" आजी.

"घरी, आई. तुझ्या घरी."

 आजी म्हणाली, "चाल वर्शं फोन थेवताना येते म्हनतेश. येत नाहीश. आज आलीश, तर मी घलात नाही."

 मग दोघी एकदमच म्हणाल्या, "बरं, येते," आणि फोन बंद झाला.

खारीने दोन्ही येते ऐकले होते. त्यातलं कुठलं फोन ठेवायचं आणि कुठलं निघायचं, याचा ती विचार करेपर्यंत आई बसस्टँडवरून आणलेल्या, अजून दारातच असलेल्या टॅक्सीत बसलीसुद्धा. फोन भिंतीलाच लटकत राहिला.

पाऊण तासाने मामाची गाडी आली. आजी आत आली, नातीच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्यामागे बघत राहिली.

"आई कुथाय?"

"तुला आणायला गेली."

आजी मटकन खुर्चीत बसली. मामाला आठवलं, वाटेत एक टॅक्सी चिखल उडवत गेली होती. कोण हा बेशिस्त, असंही तो म्हणाला होता.  खारीने पाण्यातली कवळी आणून आजीच्या हातावर ठेवली. आजीने ती उलटसुलट बघितली, तोंडात बसवली आणि दोनदा टक टक वाजवली. चपखल.

इतक्यात फोन वाजला. विमानतळावरच्या काउंटरवरून आई होती, रडवेली. इथे कुणीच नाही म्हणाली, मी येते लगेच.

"खबरदार," आजी म्हणाली. स, ठ, र, सगळी अक्षरं तीन आठवड्यांनी जागेवर आली होती. "जागची हलू नकोस. तिसऱ्या खांबाजवळ हिरवी खुर्ची आहे, तिच्यावर बस. चार वर्षं मी बसले तुझी वाट बघत. तू तासभर बस."

तिला टॅक्सीने येऊ दे, असं मामाने हात जोडून सुचवलं, पण आजीने कोटाची बटणं लावायला घेतली होती.

"बरं," ती फोनमध्ये म्हणाली, "येते."

आणि गेली.