मोटार पिते, बागडे पीत नाहीत

सकाळी आठ वाजता अंगाला दारूचा वास येणारी माणसं आमच्या पांढुर्ण्यात बरीच होती. पण तसा वास अंगावर घेऊन विहारात जाणारा आणि सगळ्यांच्या पुढे बसून पंचशील म्हणणारा माणूस एकच, पुंडलिकराव बागडे. त्यातलं पाचवं, दारू न पिण्याचं शील तर ते इतक्या मोठ्यानं म्हणत की शेजारचा दचकून डोळे उघडायचा. आणि गंमत म्हणजे त्यात खोटं काहीच नव्हतं. या माणसानं उभ्या आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता. ते फक्त गाळत, आणि तीही मोटारीसाठी.

बागडे नगरपालिकेच्या नळयोजनेवर पंप चालवत. मी त्यांच्या समोर राहणारा, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि पेट्रोलच्या भावाबद्दल ज्यांच्याकडे सायकलही नव्हती तेसुद्धा हळहळत. अशात बागड्यांनी रेडिओवर ऐकलं की ब्राझील नावाच्या देशात उसाच्या अर्कावर मोटारी धावतात. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात हजर.

"मास्तर, त्यायच्यापाशी ऊस हाये. आपल्यापाशी संत्र्याची गळ हाये. फरक काय राहिला?"

गळ म्हणजे पिकण्याआधीच झाडाखाली पडलेली संत्री. बाजारात तिला कोणी विचारत नाही, ती बागेतच सडते. मी साखरेचं प्रमाण, तापमान वगैरे समजावून सांगू लागलो.

"मले नोका सांगू. इंजिनले विचारू," बागडे म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नळाला पाणी का नाही, असं नगराध्यक्षांनी एकदा दरडावून विचारलं, तेव्हाही ते शांतपणे म्हणाले होते, "मले काय विचारता जी, इंजिनले विचारा." नगराध्यक्ष रागारागानं पंपघरात गेले आणि बराच वेळ इंजिनासमोर उभे राहून परत आले.

बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात जुनी काळी मोटार कुजत पडली होती. बागड्यांनी ती बैलजोडी लावून घरी आणली. आत कोंबड्या राहत होत्या. त्यांना बाहेर काढलं, पण एक कोंबडी रोज मागच्या सीटवर येऊन अंडं घालायची. बागड्यांनी तिला कधी हाकललं नाही. माझ्या प्रयोगशाळेतलं थर्मामीटर आणि काचेची नळी त्यांनी एका दिवसासाठी मागून नेली, ती परत आलीच नाहीत. शाळा तपासणीच्या वेळी मी दोन्ही फुटल्याचं सांगितलं. विज्ञानासाठी एवढं खोटं चालतं, अशी मी मनाची समजूत घातली.

आता दारू गाळायची तर परवानगी हवी. बागड्यांनी मध्य प्रदेश सरकारच्या छिंदवाड्यातल्या आबकारी कार्यालयात इतके अर्ज पाठवले की शेवटी एक निरीक्षक स्वतःच आला. अंगणात भट्टी, पिंपं, सालींचा ढीग आणि घमघमाट.

"ये कौन पीता है?" त्यानं विचारलं.

"मोटार पिती है, साहेब."

"किसके सामने पीती है?"

बागड्यांनी मोटारीचं हँडल मारलं. दोनदा खोकून ती सुरू झाली, अंगण धुरानं भरलं आणि मोठा बार होऊन कोंबडी निरीक्षकाच्या डोक्यावरून उडाली. त्यानं टोपी झटकली, कागद काढला आणि 'पिणाऱ्याचं नाव' या रकान्यात 'मोटर' असं लिहून प्रयोगापुरती परवानगी दिली. सरकारी माणसाबद्दल मला इतकी आपुलकी त्याआधी आणि त्यानंतरही कधी वाटली नाही.

पण घरातल्या सरकारचं काय? शांतावहिनींचा तांब्याचा हंडा भट्टीवर गेला, तेही त्यांनी सोसलं. मग मोहगावचे पाव्हणे थोरल्या मुलीला, रेखाला पाहायला आले. दारातच त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पोहे खाल्ले, चहा घेतला, "कळवतो" म्हणाले आणि गेले. कळवलं काहीच नाही.

त्या संध्याकाळी वहिनी मला साक्षीला बोलावून नवऱ्याला म्हणाल्या, "मास्तरसमोर सांगून राहिली. या अर्कावर मोटार माह्या माहेरी, सौंसरले नेऊन दाखवा. नाई पोचली तं भट्टी मीच फोडीन."

"पोचली तं?"

"मंग पाहू."

डिसेंबरातली सकाळ होती, हात खिशातून काढवत नव्हता. बागडे मोटारीवर, मागे मी आणि वहिनी. मोटार निघाली आणि चक्क चालत राहिली. मागे पिकल्या संत्र्याचा वास सोडत ती कपाशीच्या शेतांमधून जात होती. रस्त्यावरचे लोक थांबून नाकानं हुंगत. बागडे बैलाशी बोलावं तसे तिच्याशी बोलत होते. वहिनी बाहेर बघत होत्या, पण प्रत्येक गचक्याला त्यांची मूठ आवळत होती.

अर्धा रस्ता गेला असेल नसेल, मोटार खोकली, पुन्हा खोकली आणि उभी राहिली. हँडल मारून बागड्यांचे खांदे भरून आले. शेवटी त्यांनी कार्बुरेटर उघडला. आत तुपासारखा घट्ट, हिरवट पिवळा गोळा अडकला होता. मी बोटावर घेऊन वास घेतला. कडुलिंबाचं तेल! थंडीनं गोठलेलं.

"बागडे, हे अर्कात कसं आलं?"

बागडे हात पुसू लागले. इंजिनाला विचारा, असंही म्हणाले नाहीत.

"काय टाकलं जी यात?" वहिनी पुढे झाल्या. "तुमीच टाकलं ना?"

"अंगणात टाकी उघडी रायते," ते खाली बघत म्हणाले. "कोणी नळी लावून पेऊन घेतलं तं? कडू लागलं म्हणजे थुकून देईल."

"अन् मोटार बंद पडन, हे नाई समजलं?"

"मोटार बंद पडली तं दुरुस्त होते. भाऊ झाला काय दुरुस्त?"

इतकी वर्षं मी समोर राहतो, यांना भाऊ होता हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं. थोरला भाऊ दारू पिऊन पिऊन तिशीतच गेला, शेवटी बैलगाडीतून घरी आणला, हे त्यांनी मला तिथेच हलक्या आवाजात सांगितलं. बागडे बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "म्हटलं, दारूले कामाले लावतो. माणसाइले सोडन तरी." मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी या माणसाला हसत होतो.

वहिनी बांधावर बसल्या. डबा सोडून आम्हाला भाकर दिली. बागड्यांनी टाकीच्या तळातलं तेल काढून टाकलं, कार्बुरेटरचं जेट धुतलं. ऊन चढलं तसं उरलेलं तेल पातळ झालं.

"टाकीले कुलूप लावा," वहिनी म्हणाल्या. "अन् भट्टी मागच्या अंगाले न्या, पाव्हण्याइले वास नोको. पण तेल नोका टाकू आता."

बागडे बराच वेळ बॉनेटमधून वर आले नाहीत. डोळ्यांत अर्क उडाला म्हणाले. मी विज्ञानाचा मास्तर असूनही खात्री करून घेतली नाही.

सौंसरला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. वहिनींचा भाऊ धावत बाहेर आला आणि मोटार कडुलिंबाच्या सावलीत लावा म्हणाला.

"राहू दे रे," वहिनी उतरता उतरता म्हणाल्या, "उन्हातच राहू दे. थंडी वाजते तिले."